गिटारची खांडेनवमी

आमच्या घरात कुठलंही वाक्य एका दमात पुरं होत नसे. ओझरच्या विमान कारखान्याच्या वसाहतीत राहायचं म्हणजे विमानाची चाचणी सुरू झाली की तोंड उघडं ठेवून थांबायचं आणि आवाज ओसरला की थांबलेल्या शब्दापासून पुढे बोलायचं. आई यात तरबेज होती. "शुभे, तो डबा" इथे तिचं वाक्य तुटे, मांडणीवरची भांडी खणखणत, काचा थरथरत, आणि सगळं शांत झालं की "खाली ठेव, तूप सांडेल," असं ती त्याच सुरात म्हणे. तोवर माझ्या हातून तूप सांडलेलं असे. पाहुण्यांना वाटायचं, या घरातल्या माणसांना अधूनमधून काहीतरी होतं. आता पन्नाशी उलटून गेली, पुण्यात सहाव्या मजल्यावर राहते, शांतता हवी तेवढी आहे. तरी बोलता बोलता मध्येच थांबायची सवय गेलेली नाही. माझी मुलगी विचारते, "आई, गेलं का तुझं विमान?"

बाबा कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होते. दिवसभर विमानं रंगवणाऱ्या या माणसाला घरातली कुठलीही वस्तू उघडी बघवत नसे. स्कूटरवरचे ओरखडे बुजवायला म्हणून ते नाशकातून पारदर्शक लॅकरचा डबा आणत आणि स्कूटरचं झालं की उरलेलं संपवायच्या नादाला लागत. देव्हारा, दारावरची पाटी, माझी कंपासपेटी, पाटांच्या कडा, सगळ्यांवरून तो चकचकीत हात फिरलेला होता. "मला तेवढं सोडलंय," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. बाबा यावर काही बोलत नसत. एकूणच ते कमी बोलत, त्यामुळे विमानांचा त्रास त्यांना सर्वांत कमी होता.

या घरात गिटार आली ती अरुणकाकांच्या कृपेने. अरुणकाका म्हणजे बाबांचे मावसभाऊ. ते मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते आणि दर खेपेला कुणालाच नको असलेली एखादी वस्तू सिंगापूरहून आणत. त्या वेळी त्यांनी काळी कुळकुळीत इलेक्ट्रिक गिटार आणली. परदेशात एखादा वादक फार गाजला की त्याच्या नावाची गिटार निघते, तिच्या डोक्यावर त्याची सही छापलेली असते. आमची त्यातल्याच एकीची स्वस्तातली नक्कल होती. तो वादक कोण हे सांगत नाही. केस कमरेपर्यंत आणि चेहरा कायम दाढ दुखत असल्यासारखा, एवढं पुरे. माझ्याबरोबर ड्रम वाजवणाऱ्या फिरोजने त्याचं पोस्टर मला दिलं होतं आणि मी ते कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं. पोस्टरमध्ये त्याच्या गळ्यात एक काळा क्रॉस होता, टोकांकडे रुंद होत जाणारा, चंदेरी काठाचा. तसाच क्रॉस गिटारच्या अंगावरही होता, तळव्याएवढा. मला तो भयंकर आवडायचा. तो काय आहे, हे विचारावंसं कधी वाटलं नाही.

आईला मात्र उत्तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "ख्रिस्ती लोकांचा देव आहे तो. पाय लावू नकोस," तिने बजावलं. पलंगावर मांडी घालून वाजवताना माझी टाच क्रॉसला लागली, तर ती मला नमस्कार करायला लावी. गिटारवर हात आणि मग कपाळाला. माझ्या वादनातला पहिला पक्का बसलेला हात तोच असावा.

बाबांची अट वेगळी होती. माझी बारावी होती आणि घरात दिवसभर तारा खाजवण्याचा आवाज होता. ते एकदाच म्हणाले, "कोजागिरीला वसाहतीच्या कार्यक्रमात वाजवून दाखव. जमलं तर ठीक. नाही जमलं तर परीक्षा होईपर्यंत माळ्यावर." माळ्यावर गेलेली वस्तू आमच्या घरात परत खाली आलेली मी पाहिली नव्हती. माझ्या कॅरमबोर्डाचं तेच झालं होतं. आता इलेक्ट्रिक गिटारला अँप्लिफायर लागतो. तो नसला तर ती कानाशी डास आल्यासारखी गुणगुणते. कोजागिरीला चारशे माणसांपुढे डास काय करणार?

अँप्लिफायर होता क्लाउस साहेबांकडे. सातपूरच्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायला जर्मनीहून आलेले हे इंजिनियर गंगापूर रोडला बंगल्यात एकटे राहत. फिरोजचे अब्बा साहेबांची गाडी चालवत. त्यांनीच सांगून टाकलं होतं की ओझरला एक मुलगी गिटार शिकतेय, पण शिकवायला कोणी नाही. साहेबांनी रविवारी बोलावलं. मी आणि फिरोज एसटीने जायचो. माझी गिटार जड, गर्दीत कशी न्यायची, म्हणून मी तिथे साहेबांच्या साध्या तपकिरी गिटारवरच शिकले. सूर कसा लावायचा, बोट कुठे उचलायचं, चुकलं तरी थांबायचं कसं नाही, हे सगळं त्यांनी शिकवलं. मी चुकून थांबले की ते काही न बोलता हवेत बोटाने गोल फिरवत, म्हणजे चालू दे. पंचावन्नच्या आसपासचा, उंच, कान लाल असलेला तो माणूस मला फार आवडायचा. कोजागिरीसाठी अँप्लिफायर द्यायचं त्यांनी कबूल केलं, तेव्हा आईने त्यांना दसऱ्याला जेवायलाच बोलावलं.

दसऱ्यासाठी देवळ्याहून नाना आले, म्हणजे आईचे वडील. बरोबर नेहमीप्रमाणे कांद्याची गोणी. नाना तरुणपणी फौजेत होते आणि मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आले होते, पण त्यांच्याकडून कळलेली इटली म्हणजे बर्फ, अंजिरं आणि शेवयांसारखं काहीतरी जे त्यांना तीन वेळा वाढलं गेलं. गोळीबाराचं विचारलं की ते अंजिरांवर येत. त्यांनी माझी गिटार हातात घेतली, क्रॉसवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे म्या पाहेल हाय."

"चर्चवर पाहिलं असेल," आई म्हणाली.

"नाय गं सुमन, हे तं" आणि विमान आलं. भांडी खणखणली. आवाज ओसरला तेव्हा दूध उतू जात होतं, आई धावली आणि नानांचं वाक्य तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी खांडेनवमी. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्या हत्यारांची पूजा. वसाहतीत या दिवशी पान्यापासून क्रेनपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार पडत. आईने पाटावर विळी, शिलाई मशीन उचलता येत नाही म्हणून तिची कात्री, बाबांचे ब्रश, नानांचा विळा आणि शेवटी माझी गिटार मांडली. प्रत्येकावर तिने कुंकवाचं छोटं स्वस्तिक काढलं. गिटारपाशी आल्यावर जरा विचार केला आणि क्रॉसच्या अगदी शेजारी, त्याच आकाराचं मोठं, ठसठशीत स्वस्तिक काढलं, चारी घरांत चार ठिपके देऊन. "त्यांच्या देवाला एकटं वाटायला नको," ती म्हणाली. आईला आपली कल्पना फार आवडली होती. मलाही आवडली. कुंकू कुडत्याला लागेल म्हणून मी कुरकुर केली, तर बाबा उठले आणि त्यांनी त्यावर लॅकर मारली.

दसऱ्याला सकाळपासून आई मांडे करत होती. उलट्या ठेवलेल्या खापरावर भाजायची ही आमच्या देवळ्याकडची पुरणपोळी. लाटणं लागत नाही, हातांवर झुलवत झुलवत ती परातीएवढी करायची. क्लाउस साहेब आले. फिरोजच्या अब्बांनी आपट्याची पानं कशी द्यायची हे त्यांना गाडीत शिकवलं होतं. बूट काढून, पानं हातात धरून ते हसत हसत आत आले आणि पाटावरच्या गिटारपुढे थांबले.

त्यांचे लाल कान पांढरे झालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्यांनी हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, "हे कोणी केलं?"

मी अभिमानाने म्हटलं, "काळं आधीपासून होतं. लाल आईने काढलं."

साहेबांनी आईकडे पाहिलं. ती दोन्ही हातांवर मांडा झुलवत दारात उभी होती आणि हसत होती. साहेब म्हणाले, मला बरं वाटत नाही, माफ करा. पानं स्टुलावर ठेवली, बूट हातातच घेतले आणि गेले. अब्बा किल्ल्या सावरत त्यांच्या मागे. आमच्यासाठी आणलेला अँप्लिफायर गाडीच्या डिकीतच राहिला. आईच्या हातावरचा मांडा फाटला.

"मी डाव्या बाजूला काढायला नको होतं का?" आई म्हणाली.

नाना भिंतीला टेकून बसले होते. "ते चर्चचं नाय, सुमन. जर्मन फौजेचं हाय. इटलीत त्यांच्या रणगाड्यांवर क्रूस आसायचा. अन् कैदी धरेल त्यांच्या सायबांच्या गळ्यात तं हुबेहूब आसाच, काळा, चंदेरी काठाचा. लढाईत मर्दुमकी केली का भेटायचा. अन् तुझं हे कुंकवाचं सातिया त्यांच्या झेंड्यावर व्हतं. तिरकं करेल. आमच्या पलटणीतल्या पोरांनी पहिल्यांदा पाहिलं तं म्हणे, इथं लगीन हाय का काय?" नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "लगीन नव्हतं."

"नाना, मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" मी म्हणाले.

"सांगत व्हतो. तुमचं इमान आलं."

त्या दिवशी आम्ही मांडे खाल्ले, पण कोणी चवीचं नाव काढलं नाही. मला अँप्लिफायर गेल्याचं दुःख होतं आणि त्याहून मोठं दुःख हे, की साहेबांना आम्ही त्यांची चेष्टा केली असं वाटलं असणार. रडू येत होतं. नानांनी ते पाहिलं आणि सकाळी कांद्याची एक पिशवी भरून म्हणाले, "चाल. सायबाकडं जाऊ."

गंगापूर रोडला साहेब व्हरांड्यात कॉफी घेत बसले होते. मला बघून उठले. मी इंग्रजीत माफीची वाक्यं एसटीभर पाठ केली होती. पण नाना माझ्यापुढे झाले, टोपी नीट केली, आणि त्यांना येत असलेलं एकमेव जर्मन वाक्य खणखणीत आवाजात म्हणाले, "हेंडे होख."

म्हणजे हात वर करा. लढाईत समोरच्याला पकडताना म्हणायला फौजेत शिकवलेलं होतं ते. मला अर्थ ठाऊक नव्हता, पण साहेबांचे हात खांद्याच्या वर गेलेले दिसले, एका हातात कप. कॉफी मनगटावरून बाहीत उतरत होती. मग नानांनी पुढे जाऊन त्या वर केलेल्या दुसऱ्या हातात कांद्याची पिशवी अडकवली. साहेबांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि ते हसायला लागले. हसता हसता खाली बसले आणि बराच वेळ डोळे पुसत राहिले.

मग त्यांनी सांगितलं. मी तुकड्या-तुकड्याने नानांना मराठीत सांगत गेले. साहेबांच्या वडिलांना तो क्रॉस मिळाला होता. वडील रशियातल्या लढाईतून परत आले नाहीत, क्रॉस आला. त्यांच्या आईने तो शिलाई मशीनच्या खणात ठेवला होता. साहेब सहा-सात वर्षांचे असताना त्यांना तो सापडला आणि ते गळ्यात घालून खेळायला लागले. त्यांच्या आईने जन्मात एकदाच त्यांच्यावर हात उगारला, तो त्या दिवशी. आणि स्वस्तिक तर त्यांच्या देशात भिंतीवर काढलं तरी पोलीस येतात. "तुझ्या आईवर माझा राग नाही," ते म्हणाले. "तिला ठाऊक नव्हतं. ज्याने गिटारवर क्रॉस लावला त्याला ठाऊक होतं. भीती विकायला लावलाय त्याने. अँप्लिफायर घेऊन जा. पण मी कोजागिरीला येणार नाही. ती दोन्ही शेजारी शेजारी असताना मला ऐकू येणार नाही."

परतीच्या एसटीत नाना अँप्लिफायर मांडीवर घेऊन बसले. "चांगला माणूस शे," एवढंच म्हणाले. मन हललं की नाना अहिराणीवर येत.

पुढे मोठेपणी मी वाचलं की असल्या गिटारींवरून परदेशात बरेच वाद झाले. कुणी वादक म्हणाला नुसतं दिसायला छान, कुणी म्हणाला मला इतिहासाची आवड, कुणी गाजावाजा न करता काढून टाकलं. आमच्याकडे हा वाद एका संध्याकाळात मिटला. मी साहेबांचं बोलणं घरी सांगितलं, बाबांनी पॉलिश पेपर काढला आणि अंगणात बसून क्रॉस घासून टाकला. चंदेरी काठ निघाला तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पोस्टरवरच्या माझ्या देवाची ती खूण होती. पण खणातल्या क्रॉसची गोष्ट ऐकल्यावर ती हाताखाली नकोच वाटत होती. बाबांनी काळा रंग दिला, वर लॅकर मारली, आणि पॉलिश पेपर हातात धरून आईकडे पाहिलं.

"माझं नाही काढायचं," आई म्हणाली.

"आई, साहेब येणार नाहीत," मी म्हणाले.

"त्यांच्या लोकांनी आपल्या दारातून उचलून नेलं, नासवलं, आणि पुसायचं मी? मी पोरीच्या हत्याराची पूजा केलीय. कुणाचं वाईट चिंतून काढलेलं नाही." आई चिडली की भांडी आपटे, त्या दिवशी तिने एकही आपटलं नाही. मला ती पटत होती आणि साहेबही पटत होते. मी कपाटातलं पोस्टर काढून गादीखाली ठेवलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

कोजागिरीला वसाहतीच्या मैदानावर चंद्र उगवायच्या आधीच दुधाची कढई चढली होती. वेलदोडा, जायफळ, शेजारी स्पीकरची खरखर. मी मंचामागे गिटार अडकवून उभी होते. आई आली. तिच्या हातात झेंडूचा छोटा हार होता. तिने तो गिटारवर असा बांधला की स्वस्तिक पुरतं झाकलं गेलं. "पुसलं नाहीये. झाकलंय," ती म्हणाली. "फिरोजच्या अब्बांबरोबर साहेबांना तसा निरोपही धाडलाय. यायचं तर येतील."

आम्ही दोन तुकडे वाजवले. अँप्लिफायरमधून आवाज असा निघाला की पहिल्या रांगेतल्या मुलांनी कानांवर हात ठेवले आणि मग काढले. बाबा मंचाच्या कडेला हाताची घडी घालून उभे. तिसरा तुकडा मी स्वतः बांधलेला होता. त्याच्या मध्यावर हाराचा दोरा तुटला. झेंडूची फुलं पायांशी पडली आणि ट्यूबलाइटच्या उजेडात आईचं स्वस्तिक लालभडक उघडं झालं. त्याच क्षणी मला कढईपाशी, नानांच्या शेजारी, उंच माणूस दिसला. साहेब आले होते आणि सरळ गिटारकडे पाहत होते. माझा हात थांबला. फिरोज एकटाच ड्रम वाजवत राहिला. मैदानात कुजबूज सुरू झाली. बाबांनी मान खाली घातली.

साहेबांनी हात वर केला आणि बोटाने हवेत गोल फिरवलं.

आमच्या घरात थांबल्यानंतर पुन्हा सुरू करायचं वळण सगळ्यांच्या अंगात होतं. मी ज्या सुरावर थांबले होते त्याच सुरापासून पुढे गेले. लोकांना वाटलं, तसंच बसवलंय. टाळ्या पडल्या, आणि मला एवढंच आठवतंय की मी हसत होते आणि नाक गळत होतं.

नंतर कढईपाशी आईने साहेबांना दुधाचा पेला दिला. साहेब मला म्हणाले, तुझ्या आईला विचार, हे कसं काढतात. आईने रांगोळीची चिमूट घेतली, चुलीपुढच्या जमिनीवर रेघा ओढल्या आणि शेवटी चार ठिपके दिले. साहेब हात पाठीमागे बांधून वाकून बघत होते.

"हे ठिपके?" त्यांनी विचारलं.

"त्याशिवाय ते पुरं होत नाही," आई म्हणाली. मी सांगितलं.

"आमच्याकडच्याला ठिपके नव्हते," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "माझ्या हाताने हे कधी निघणार नाही." तेही मी आईला सांगितलं.

आईने हात पदराला पुसले. "त्यांना म्हणावं, तुम्ही नका काढू. काढायचं आम्ही बघतो. तुम्ही जेवायला या. मांडे राहिलेत."

रविवारी साहेब आले. बूट दाराबाहेर सोडले. गिटार समोर खुंटीला होती. ते एकदा तिच्याकडे बघून पानावर बसले आणि दूध-तुपात बुडवून मांडे खाऊ लागले. तिसऱ्यानंतर नको म्हणू लागले. आई ऐकेना. तेव्हा समोर बसलेले नाना आपल्या पानावरून मान वर न करता म्हणाले, "हेंडे होख."

साहेबांनी हसून दोन्ही हात वर केले आणि आईने तेवढ्यात मोकळ्या पानावर चौथा मांडा टाकला.

ते गेल्यावर मी धीर करून बाबांना विचारलं, "गिटार माळ्यावर ठेवायची का?" ते देव्हाऱ्याच्या कोपऱ्यावर कुठे लॅकर उडालीय ते बघत होते. "माळ्यावर कुठे," ते म्हणाले, आणि विमान आलं. मांडणी खणखणली, काचा थरथरल्या, आई दारात, नाना भिंतीशी, सगळे थांबलो. माझी नजर बाबांच्या तोंडावर. आवाज ओसरला.

"जागा आहे. नानांचे कांदे ठेवलेत."